कोटताई वकील शोधतात

कोर्टाच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सवाला आणि चहावाला यांच्यामध्ये एक दुकान आहे. दुकान म्हणायचं ते केवळ दारावर कुलूप असतं म्हणून. आत एक शिलाई मशीन, एक स्टूल, इस्त्रीची फळी आणि भिंतभर टांगलेले काळे कोट. गिऱ्हाईक आत आलं की बाईंना पाय मशीनखाली ओढून घ्यावे लागतात. या जागेत सत्तावीस वर्षं बसून त्या फक्त वकिलांचे कोट दुरुस्त करतात. शाळेचे गणवेश नाहीत, पडद्यांना दुमड घालणं नाही. सगळं कोर्ट त्यांना कोटताई म्हणतं.

कोटांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायची पद्धत त्यांना मान्य नाही. चिठ्ठ्या पडतात. त्या अस्तरावर खडूने छातीचं माप लिहितात, आणि वकिलांना ओळखतातही त्याच मापाने. एक बेचाळीस, एक अडतीस, एक चौतीस. चाळीस दोन होते, म्हणून त्यातल्या एकाला चाळीस आणि दुसऱ्याला चाळीस खोकणारे. एखादा वकील निवडणुकीला उभा राहिला, कुणाला मुलगा झाला, कुणी मोठा खटला जिंकला, की ताई विचारायच्या, "म्हणजे सेहेचाळीस ना? पोट सुटलेले?"

कोट खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कोपर झिजलेलं असेल तर माणूस टेबलावर बसून वाचणारा. पाठीला आडव्या चुण्या असतील तर कॅन्टीनच्या खुर्चीत रेलून बसणारा. खिशाचं तोंड फाटलेलं असेल तर मिळेल ते कोंबणारा, त्याच्यापासून चार हात लांब राहावं. आणि उजव्या बाहीची कड झिजलेली असेल तर तो लिहून लिहून हात झिजवणारा, सगळ्यात उत्तम. गल्लीत फायली पोटाशी धरून फिरणारी माणसं चहा घेता घेता विचारायची, "ताई, चांगला वकील कोण हो?" ताई भिंतीकडे बघून एखाद्या कोटाकडे बोट करायच्या. सत्तावीस वर्षांत कुणी तक्रार घेऊन परत आलं नाही, यावरून आपली पारख पक्की आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. हरलेला माणूस कोटाच्या दुकानात परत कशाला येईल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी त्यांची धाकटी बहीण दुकानात आली. धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. लोकांच्या दंडाला रबर बांधून शीर शोधायची आणि रक्त काढायचं. ती दुपारची कधी यायची नाही. आली, स्टुलावर बसली, कोटाची एक लोंबती बाही चेहऱ्यावरून बाजूला केली आणि म्हणाली, "ताई, मी वेगळी होतेय."

ताईंच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. त्या त्यांनी काढून उशीत खोचल्या.

"मारतो?"

"नाही."

"पितो?"

"नाही गं."

"मग दुसरी कोणी?"

"असती तर सोपं झालं असतं. निदान लोकांना सांगायला कारण झालं असतं." धाकटी हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. "तो घरात असतो आणि नसतो, ताई. मी बोलते आणि तो हो म्हणतो. काय बोलले विचारलं तर सांगता येत नाही. चार वर्षं झाली. परवा त्यालाच विचारलं, तुला तरी हवंय का हे? तर म्हणाला, नाही. इतकं खरं तो पहिल्यांदाच बोलला असेल."

ताईंनी उशीतली एक टाचणी काढली आणि परत तिथेच खोचली. 

"माझी एकच अट आहे," धाकटी म्हणाली. "बटणला कोर्टाची पायरी चढायला लागता कामा नये. आई हवी की बाबा, हे तिला कुणीही विचारायचं नाही. ना वकिलाने, ना न्यायाधीशाने. बाकी काय जाईल ते जाऊ दे."

बटण म्हणजे धाकटीची नऊ वर्षांची मुलगी. हे नाव मावशीनेच ठेवलेलं. जन्मली तेव्हा चेहरा इतका गोल आणि एवढासा होता, की दुसरं काही सुचलंच नाही. शाळा सुटली की बटण दुकानात येऊन मशीनखाली बसते आणि गृहपाठ करते.

"वकिलाचं माझ्यावर सोड," ताई म्हणाल्या. "इतके कोट हाताखालून गेलेत. तुला वकील नाही मिळायचा तर कुणाला मिळायचा?"

हे त्या जरा जास्तच जोरात बोलल्या, त्याला कारण होतं. हा नवरा त्यांनीच पसंत केलेला होता. आई गेली तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती आणि ताई बावीसच्या. धाकटीची वेणी, शाळा, ताप, पहिली नोकरी सगळं ताईंनीच केलं. स्वतःचं लग्न करायचं तेवढं राहून गेलं, त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माप घ्यायलाच कुणी आलं नाही." पुढे हा मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या अंगात चौकड्यांचा शर्ट होता, आणि खिशावरची चौकडी खालच्या कापडावरच्या चौकडीशी रेषेला रेष जुळलेली होती. खांद्यावरसुद्धा. ताईंनी ते बघितलं आणि चहा गाळता गाळता धाकटीच्या कानात सांगितलं, "हो म्हण. ज्याला चौकडी जुळलेली लागते, तो संसारही जुळवून घेईल." त्या चौकडीवरून त्याचा शिंपी चांगला होता एवढंच सिद्ध होत होतं. हे कळायला बारा वर्षं गेली.

तेव्हा आता चुकायचं नव्हतं.

ताईंनी रात्रभर नाही, पण भाजी चिरून होईपर्यंत विचार केला आणि बेचाळीस नक्की केले. बेचाळीसांच्या कोटाची उजवी बाही दर सहा महिन्यांनी दुरुस्तीला यायची. कड पार दोरे निघेपर्यंत झिजलेली. असा लिहिणारा माणूस कोर्टात दुसरा नव्हता.

बेचाळीसांचं ऑफिस मोठ्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराआड. दोघी बहिणी तासभर बाहेर बसल्या. आत गेल्यावर बेचाळीस उठून उभे राहिले.

"अरे, कोटताई! या, या. माझ्या कोटाच्या अस्तराचं कापड आलं का?"

"येईल या आठवड्यात. साहेब, ही माझी धाकटी बहीण."

"हो, हो. बसा. काळजी सोडा. माझ्याकडे आलात ना, अर्धं काम झालं." आणि त्यांनी उजवा हात टेबलाच्या कडेवर थाड्कन आपटून मागे ओढला.

धाकटीने विचारलं, "किती महिने लागतील?"

"चुटकीसरशी." हात कडेवर, हात मागे.

"आणि फी?"

"तुमच्याकडून काय जास्त घेणार? घरची माणसं तुम्ही. आत्ता सुरुवातीचे द्या, पुढचं पुढे बघू."

"पुढचं म्हणजे किती?"

"बघू ना. आधी त्याच्यावर दोन-तीन तक्रारी ठोकू. नरम येतो की नाही बघा."

"पण त्यानं तसं काही केलेलं नाही."

"बाई, काही केलेलं नाही असा नवरा मी अजून बघितला नाही," बेचाळीस म्हणाले आणि स्वतःच हसले. "मूलबाळ?"

"एक मुलगी. नऊ वर्षांची."

"उत्तम. नऊ म्हणजे बोलायच्या वयाची. उभी करू साहेबांपुढे. मला आईजवळ राहायचंय म्हणाली, डोळ्यातून दोन थेंब काढले, की निकाल आपला." थाड्.

धाकटीने पर्स उचलली. ताईंचं मात्र बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. काच सरकू नये म्हणून कडेला पत्र्याची पट्टी ठोकलेली होती, आणि प्रत्येक मुद्द्याला बेचाळीसांची बाही त्या पट्टीवरून खरवडत मागे जात होती. टेबलावर कागद एकही नव्हता. पेनसुद्धा टोपण लावून स्टँडमध्ये उभं होतं.

दोघी जिना उतरायला लागल्या. पहिल्या मजल्यावर धाकटी थांबली.

"ताई, लिहून लिहून झिजलीय म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"सहा महिन्यांनी एकदा."

"पुरे आता."

धाकटीला हसू आवरेना. कठड्याला धरून ती इतकी हसली, की वर चढणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाजूला होऊन वाट दिली. मग ताईही हसल्या. हसता हसता धाकटी रडायला लागली, तेव्हा ताईंनी तिला पदराशी घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. ते गृहस्थ परत खाली उतरले तरी दोघी तिथेच होत्या.

मग झेरॉक्सवाल्याने एक स्वस्त माणूस सुचवला. कोर्टाच्या फाटकाशी टेबल टाकून बसणारा. तो वकील नव्हता. वकील आत असतात आणि सही करतात, असं त्याने सांगितलं. अर्ज तयारच होता. "नावं घालायची, सह्या करायच्या, संपलं." धाकटीने उभ्या उभ्या वाचला. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की या जोडप्याला दोन मुलगे असून मोठा आजोळी असतो.

"मला एकच मुलगी आहे," ती म्हणाली.

"खोडू की," तो म्हणाला.

ताईंना तरी तो इतका वाईट वाटला नाही. खोडता येतं. स्वस्तात होत होतं. पण धाकटी चालायला लागली होती.

"तुला हवंय तरी कसं माणूस?" ताईंनी तिला गाठून विचारलं.

"लॅबमध्ये आमच्याकडे दोन प्रकारचे लोक आहेत," धाकटी म्हणाली. "एक, सुई टोचताना म्हणतात, काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल. दुसरे म्हणतात, दुखेल थोडं, हात हलवू नका. पहिल्यांच्या हाताखाली लोक ओरडतात. मला दुखेल म्हणणारं माणूस हवंय."

"पैसे देऊन दुखेल ऐकायचं," ताई म्हणाल्या. "कठीण आहे बाई तुझं."

त्याच आठवड्यात धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. त्याच्या मित्राच्या ओळखीचा एक वकील होता, तो दोघांचंही बघणार होता. एकाच वकिलात दोघांचं काम, म्हणजे खर्च निम्मा. भांडायचंच नाही तर दोन वकील कशाला? ताईंना हे एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात दोघी डबा खात होत्या, तेव्हाही त्या तेच सांगत होत्या.

"जावईबापू आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणाचं बोललेत. तू त्यात खोट काढू नकोस."

इतक्यात चौतीस आपला कोट न्यायला आल्या.

चौतीस म्हणजे चाळिशीच्या, बारक्या अंगाच्या वकीलबाई. सात वर्षं तोच कोट. आधी बाह्या लांब केल्या, मग अस्तर बदललं, आणि या वेळी तर कॉलर उसवून, उलटी करून, झिजलेली बाजू आत घालून परत शिवायला सांगितली होती. कॉलर उलटून घेणारं गिऱ्हाईक ताईंना दहा वर्षांत भेटलं नव्हतं. ज्या वकिलीत कोट होत नाही ती वकिली काय कामाची, असं त्यांचं चौतीसांबद्दल मत होतं, आणि ते त्यांनी धाकटीला आधीच ऐकवलेलं होतं.

धाकटीने डबा खाली ठेवला, हात पुसले आणि सरळ विचारलं, "मॅडम, नवरा-बायको दोघांचं एकच वकील बघू शकतो का?"

ताईंनी तिला मशीनखालून पाय मारला. चौतीस दारातच उभ्या होत्या, आत यायला जागाच नव्हती.

"अर्ज दोघांनी मिळून एक करता येतो," त्या म्हणाल्या. "पण सल्ला ज्याचा त्याचा वेगळा घ्यावा. दोघांचं पटतंय तोवर एकच वकील पुरतो. ज्या दिवशी एखाद्या ओळीवर अडेल, त्या दिवशी तो कुणाचा? ज्याने आणला त्याचा. तो माणूस वाईट असेल असं नाही म्हणत मी. फक्त तो तुमचा नसेल."

"किती दिवस लागतात?"

"सगळं पटलं तरी काही महिने. अडलं तर जास्त. आत्ता तारीख सांगितली तर ती खोटीच निघेल."

"त्रास होतो?"

चौतीसांनी तिच्याकडे नीट बघितलं. "होतो. पटवून घेतलेल्यातही होतो. मधेच एखादा दिवस असा येतो की वाटतं, नकोच हे, परत जावं. त्या दिवशी सही करायची नाही, एवढं ठरवून ठेवा."

धाकटी पुढे काही विचारणार, तेवढ्यात चौतीस म्हणाल्या, "एक करा. आधी मोफत कायदा मदतीच्या खिडकीवर जा, बायकांना तिथे पगाराची अट नाही. तळमजला, जिन्याच्या उजव्या हाताला. तिथे वकील फुकट मिळेल, आणि तिथले काही फार चांगले आहेत. तिथे नाही जमलं, तर मी स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत असते." मग त्यांनी कोट उजेडात धरला, कॉलरवरून बोट फिरवलं, "छान केलंत ताई," म्हणाल्या आणि गेल्या.

"दारात आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे धाडतेय," ताई म्हणाल्या. "हिला नवा कोट कुठून होणार?"

"ताई," धाकटी म्हणाली, "हीच."

"अगं पण कॉलर..."

"हीच."

खिडकीवर त्या दोघी खरंच गेल्या. तिथल्या कारकुनाने आपुलकीने सगळं विचारलं, वकिलांची यादी बघितली आणि वाईट वाटून म्हणाला, "वकील मिळेल हो, पण रांग मोठी आहे. तीन-चार महिने तरी थांबावं लागेल." फुकट मिळवायलाही आधी नंबर लावावा लागतो, असं धाकटी जिना चढताना म्हणाली.

स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत दोन वकील अर्धं-अर्धं टेबल वाटून बसत. चौतीसांच्या अर्ध्या टेबलावर फायली होत्या आणि प्रत्येक फाईलमधून कागदाच्या पट्ट्या बाहेर आल्या होत्या. ताईंनी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. "मी सांगते तुम्हाला पहिल्यापासून. लग्नाच्या वेळी हा मुलगा..."

"कोटताई," चौतीस म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसाल?"

"मी तिची थोरली बहीण आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

ताई बाहेरच्या बाकावर बसल्या. धाकटीच्या वतीने बोलायची सवय त्यांना इतकी होती, की डॉक्टरकडे धाकटीचा घसा दुखत असला तरी त्याच सांगायच्या, कुठे दुखतं, कधीपासून. तिथे बसून त्यांनी मनातल्या मनात चौतीसांच्या पुढच्या दुरुस्तीची शिलाई दुप्पट महाग केली. आतून धाकटीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. ही एवढं बोलते? एकदा तर ती हसली. चाळीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता. त्यावर चौतीसांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं की कुठल्या टप्प्याला किती फी, त्यात काय येतं, काय येत नाही, आणि खाली अधोरेखित करून: भांडण वाढलं तर थांबून पुन्हा ठरवू, न विचारता पुढे जाणार नाही.

"हे ठीक आहे," ताई म्हणाल्या. "आत काय बोललीस?"

"ते माझं आणि त्यांचं."

दोन दिवस ताईंनी धाकटीला चहाच विचारला नाही. तिसऱ्या दिवशी करून पुढे ठेवला, पण विचारला नाहीच.

महिना-दीड महिना सगळं सुरळीत चाललं. घर भाड्याचं होतं, वस्तू वाटून झाल्या. मग अडलं ते नेमकं नको तिथे. नवऱ्याने मित्राच्या ओळखीचा तोच वकील धरला होता, त्याने लिहून पाठवलं की मुलगी कुणाकडे, किती दिवस, यावर एकमत होत नाही, तर मुलीलाच कोर्टात बोलावून विचारावं. धाकटी लॅबमधून थेट दुकानात आली. तिचा चेहरा बघून ताईंनी हातातला कोट बाजूला ठेवला.

"तो म्हणतो, तुम्ही मला तिच्या आयुष्यातून पुसून टाकणार. ताई तर माझं नावही घेत नाहीत."

"घेतेच मुळी. रोज घेते. कसं घेते ते वेगळं."

"ताई, चेष्टा नको." धाकटीने पर्स स्टुलावर टाकली. "बटणला तिथे उभं केलं तर मी सगळं मागे घेईन. परत जाईन त्याच्या घरात. काहीही करीन."

चौतीसांनी या वेळी ताईंना बोलावून घेतलं, आणि खुर्ची दिली. त्यांच्यासमोर सात रकान्यांचा एक कागद होता, सोमवार ते रविवार.

"शाळा सुटल्यावर मुलगी तुमच्याकडे असते. तिचा आठवडा तुमच्याइतका कुणाला ठाऊक नाही. मला खरं सांगायचं. वडील तिच्यासाठी काय करतात?"

"काही नाही," ताई म्हणाल्या.

"काहीच नाही?"

"नाही."

चौतीस पेन धरून बसून राहिल्या. घाई केली नाही, समजावलं नाही. धाकटी शेजारी खाली मान घालून होती. ताईंना जुना कोट उसवताना येतो तसा राग आला. पक्की शिवण, आणि ती आपल्याच हाताने घातलेली.

"सायकल शिकवली," त्या शेवटी म्हणाल्या. "मैदानावर. पाठीमागे धावायचा. एक महिना धावत होता."

चौतीसांनी लिहिलं.

"आणखी?"

"गणित. माझ्यापाशी भागाकार करताना रडते ती. त्याच्यापाशी रडत नाही. फोनवर विचारते त्याला, दर गुरुवारी, शुक्रवारी चाचणी असते म्हणून. मशीनखालून बोलते, तिला वाटतं, मावशीला ऐकू येत नाही. मशीन थांबवते मी मुद्दाम."

हे शेवटचं त्यांना बोलायचं नव्हतं. धाकटीने वर बघितलं.

"एकदा तिला ताप होता," ताई पुढे म्हणाल्या, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता, "तेव्हा रात्रपाळी तुझी होती. तोच बसला होता. कपड्यांच्या घड्या करायला येत नाहीत त्याला, घरात काय चाललंय ते कळत नाही. नवरा म्हणून शून्य. पण पोरीला तो दिसतो. आणि त्यालाही पोर दिसते. बाकी आम्ही कुणी दिसत नसू."

कागद टाईप होऊन गेला. शनिवार-रविवार वडिलांकडे, गुरुवारी संध्याकाळी फोन आणि गणित, सुट्टीत सायकल. प्रत्येक ओळीखाली कारण. आणि वरच्या ओळीत चौतीसांनी लिहिलं होतं की ही माहिती मुलीच्या मावशीने दिली आहे. ते लिहू का, असं त्यांनी आधी विचारलं होतं. ताईंनी मान हलवली, आणि ती होकाराची आहे हे चौतीसांना दुसऱ्यांदा विचारून खात्री करावी लागली.

चार दिवसांनी धाकटीला नवऱ्याचा फोन आला. तो हातातला कागद चाळत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "हे ताईंनी सांगितलं? सायकलचं?" धाकटी हो म्हणाली. तो म्हणाला, "मला वाटलं कुणी बघितलंच नव्हतं."

मुलीला बोलवायची मागणी त्याने दुसऱ्या दिवशी मागे घेतली.

शेवटच्या तारखेला बटण शाळेत होती. चित्रकलेची परीक्षा होती तिची; तिने नदीत मासे काढले आणि नदी निळी करायला वेळ पुरला नाही. कोर्टात धाकटी आणि तिचा नवरा न्यायाधीशांपुढे दहा मिनिटं उभे होते. ताई गेल्याच नाहीत. येऊ का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि धाकटी म्हणाली होती, "नको, मी जाऊन येते." दुकानातून जिचं दार दिसतं त्या इमारतीकडे ताईंनी सकाळभर पाठ करून काम केलं. दुपारी धाकटी आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "झालं." मग म्हणाली, "दुखलं." ताईंनी चहावाल्याला दोन बोटं दाखवली.

पहिल्या शनिवारी धाकटीची सकाळची पाळी होती, म्हणून बटणला दुकानातूनच न्यायचं ठरलं. तो दहाला यायचा होता, पावणेदहालाच आला आणि गल्लीत उभा राहिला. ताईंनी बघितलं आणि न बघितल्यासारखं करून शिवण चालू ठेवली. पाचेक मिनिटं त्या तशाच शिवत राहिल्या. मग मशीन थांबवलं.

"उन्हात का उभे? या."

तो दारात आला. शर्टाची दोन बटणं चुकीच्या काजात लावलेली होती. एरवी ताईंनी ते चार जणांना सांगितलं असतं.

"बटण बूट घालतेय," त्या म्हणाल्या. "खोकला आहे तिला. औषध दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलंय, दुपारी जेवल्यावर एक चमचा. आइस्क्रीम मागेल. द्यायचं नाही."

"नाही देणार."

बटण मशीनखालून बाहेर आली, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि बापाच्या हाताला जाऊन लोंबकळली. तो वाकून नाडी बांधायला लागला. दोन वेळा सुटली.

ताई त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होत्या. "दिलंच," त्या म्हणाल्या, "तर मला सांगू नका."